अनुभव, सिद्धांत आणि वादाची नीती : गुरू-सरुक्कई चर्चेची मराठवाड्यातील पूर्वपीठिका

प्रस्तावना
सामाजिक अन्यायाविषयी सिद्धांत मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा भारतीय राजकीय तत्त्वज्ञानातील एक कळीचा प्रश्न आहे. इंग्रजीतून गाजलेल्या या वादाची मराठी पूर्वपीठिका मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात तिचा परामर्श घेतला आहे.

वादाचे स्वरूप
२००२ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये सामाजिक शास्त्रांतील विषमतेवर बोट ठेवले. सिद्धांत रचणारे ‘सैद्धांतिक ब्राह्मण’ आणि केवळ तपशील पुरविणारे ‘अनुभवजन्य शूद्र’ अशी ही विभागणी असून दलितांनी स्वतः सिद्धांतनाकडे वळले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००७ मध्ये तत्त्वज्ञ सुंदर सरुक्कई यांनी त्याच नियतकालिकात अनुभवाचा ‘स्वामी’ आणि ‘कर्ता’ यांत भेद करून या भूमिकेची चिकित्सा केली. पुढे दोघांनी मिळून ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) हा ग्रंथ सिद्ध केला.

मराठवाड्यातील पूर्वपीठिका
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजा मिलिंदाचे नाव त्यास पुढे मिळाले. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले. दलित साहित्य दलितेतरांना लिहिता येईल काय, हा त्या काळच्या मराठी समीक्षेतील वाद म्हणजे अनुभवाच्या स्वामित्वाचाच प्रश्न होता. ज्याची केवळ नोंद घेतली जात होती, तो समाज येथे स्वतःच्या चर्चेचे निकष स्वतः ठरवू लागला होता.

वादाची नीती
‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन संवादापूर्वीच एक अट घालतो : चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या नव्हे. खंडन झाले तरी पंडित रागावत नाहीत. राजे मात्र विरोधकास दंड देतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केल्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि या भेदाचा दाहक प्रत्यय आला. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

समारोप
सारांश, अनुभव की सिद्धांत, एवढाच हा पेच नाही. ज्याचा अनुभव आहे त्यास दंडाच्या भयाविना खंडन-मंडन करता येणे, ही सिद्धांतनाची नैतिक पूर्वअट होय. गुरू आणि सरुक्कई यांनी मतभेदांसह एकत्र ग्रंथ लिहून ती पाळली. विद्यापीठाच्या नावावरून पेटलेल्या मराठवाड्यात ती पायदळी तुडविली गेली होती.