कॉफी यांचा ऊर्ध्वपातन स्तंभ आणि डब्लिनचा मद्यउद्योग

ऊर्ध्वपातन स्तंभातील सच्छिद्र थाळ्यांचा इतिहास प्रयोगशाळेपेक्षा अबकारी खात्याशी अधिक निगडित आहे. आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकारी इनीअस कॉफी यांनी १८३० मध्ये दोन स्तंभांच्या यंत्राचे पेटंट मिळविले. अखंड ऊर्ध्वपातनाची मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हे. फ्रान्समध्ये सेलिए-ब्ल्युमंताल यांचे पेटंट १८१३ चे आहे.

कॉफी यांच्या पहिल्या स्तंभात आंबविलेला धान्यरस तांब्याच्या सच्छिद्र थाळ्यांवरून पायरीपायरीने खाली उतरे आणि खालून सोडलेली वाफ छिद्रांतून वर चढे. या वाफेच्या जोरावरच द्रव थाळीवर तोलून राही; जोर घटला की तो छिद्रांतून गळे. मद्ययुक्त वाफ दुसऱ्या स्तंभात जाऊन नळीतील थंड रसाला तापवी. त्यामुळे इंधनाची मोठी बचत होई.

भांड्यातील ऊर्ध्वपातनाचा अभिमान बाळगणाऱ्या डब्लिनच्या कारखानदारांना हे मद्य बेचव वाटले. स्कॉटलंडने ते स्वीकारले आणि १८६० च्या कायद्यानंतर मिश्र व्हिस्कीचा व्यापार वाढविला. आयरिश उद्योगाच्या ऱ्हासास पुढे अमेरिकेतील दारूबंदीही कारणीभूत ठरली; परंतु स्तंभाला दिलेला नकार हा कारखानदारांचा स्वतःचाच निर्णय होता. डब्लिनच्या चार पेढ्यांनी १८७८ मध्ये स्तंभातील मद्याविरुद्ध पुस्तकही काढले. १९०९ मध्ये शाही आयोगाने या मद्यासही व्हिस्की म्हणण्यास मान्यता दिली.