सहा आकड्यांतला पत्ता

अंबड नावाची ठिकाणे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. जालना जिल्ह्यातले अंबड मत्स्योदरी देवीसाठी, तर नाशिकचे अंबड औद्योगिक वसाहतीसाठी प्रसिद्ध. पाकिटावर नुसते 'अंबड' लिहिले, तेही कोणत्याही लिपीत, तर टपालाची छाननी करणाऱ्याने ते कोठे पाठवावे? टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर योजलेला उपाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. तोच पिनकोड. जालन्याच्या अंबडचा पिन ४३१२०४, नाशिकच्या अंबडचा ४२२०१०.

यात प्रत्येक आकड्याला स्थानानुसार अर्थ आहे. ४ म्हणजे विभाग, ४३ उपविभाग, ४३१ छाननीचा जिल्हा आणि शेवटचे २०४ म्हणजे बटवडा करणारे कार्यालय. एका संख्येत हे चार कप्पे आहेत.

संगणकात ही माहिती किती जागेत मावेल? सहा आकडे सहा अक्षरे म्हणून साठवले, तर प्रत्येकी ८ प्रमाणे ४८ बिट लागतात. पण ० ते ९ साठी ४ बिट पुरतात आणि ० ते ९९९ साठी १०, कारण दहा बिटांत १०२४ संख्या बसतात. म्हणून ४ + ४ + ४ + १० = २२ बिट पुरे. आपले अंबड असे दिसेल:

०१०० ००११ ०००१ ००११००११००

संपूर्ण पिन एकच संख्या मानली, तर २० बिटही पुरतात. मात्र मग छाननीचा जिल्हा काढण्यासाठी भागाकार करावा लागतो. दोन बिट जादा खर्चून कप्पे सुटे राहतात.

१९७२ च्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची 'सी' भाषा घडवत होते. या भाषेत कप्प्याच्या नावापुढे त्याची रुंदी बिटांत लिहिता येते; जोडणे-तोडणे कंपायलर करतो. मात्र कप्पे कोणत्या बाजूने भरायचे, हे भाषेचे प्रमाण ठरवत नाही. ते कंपायलरवर सोपवलेले आहे. त्यामुळे एका यंत्राने बांधलेली नोंद दुसऱ्याला चुकीची वाचता येऊ शकते. पिनकोडात क्रम सर्वांसाठी एकच ठरलेला आहे.

रुंदी आणि क्रम यांहूनही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कप्प्यात काय ठेवायचे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून अंबड वेगळे निघून नव्या जालना जिल्ह्यात आले. पुढे औरंगाबादचे नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. तरी जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड या शहरांचे पिन आजही ४३१ नेच सुरू होतात. तिसरा आकडा महसुली जिल्ह्याचा असता, तर प्रत्येक फेररचनेत हजारो पत्ते बदलावे लागले असते. तो टपालाच्या वाटेचा आहे, म्हणून टिकला.

वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाचा पिन २२ बिटांत मांडून पाहावा. मग विद्यार्थ्याच्या नोंदीसाठी कप्पे आखायला सांगावे: इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. दरवर्षी बदलणारे कप्पे कोणते आणि कायम राहणारे कोणते, ही चर्चा बिटांच्या हिशेबाहून अधिक शिकवून जाईल.