कौलातला भाडेकरू : उंदीर, प्लेग आणि आपलं घर

तुम्ही एसटीत बसून ऐकताय, जिममध्ये ऐकताय की मार्केटला कांद्याचा ट्रॅक्टर लावून नंबराची वाट बघत ऐकताय, मला माहीत नाही. पण आजचा विषय तुमच्या घरातलाच आहे. उंदीर. हसू नका. महाराष्ट्राचा इतिहास उंदरानं जेवढा हलवलाय, तेवढा भल्याभल्या सरदारांनी हलवला नसेल.

मी मूळचा नामपूरचा. बागलाण तालुका, मोसम नदीचा काठ. नोकरी पुण्यात, कोड लिहायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक शब्द असायचा, ‘पिलेग’. आणि त्याला जोडून एक नियम : घरात उंदीर पडले की गाव सोडायचं. ‘पडले’ म्हणजे आढ्यावरून, कौलातून मरून खाली पडले. मग भाकरी बांधायच्या, गुरं सोडायची आणि शेतात झोपड्या घालून राहायचं. लहानपणी ही मला नुसती जुनी समजूत वाटायची. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे निरीक्षण पक्कं होतं, आणि सरकारी शास्त्राला तिथपर्यंत पोचायला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांची ही गोष्ट.

सुरुवात मुंबईची. सप्टेंबर १८९६. मांडवी हा गोदीजवळचा भाग, धान्याच्या वखारींनी भरलेला. तिथे माणसं तापानं पटापट मरायला लागली. काखेत, जांघेत गाठी यायच्या. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे असं ओळखलं आणि उघडपणे सांगितलं. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. शेजारी बंदर, मध्ये धान्याची पोती, वर देशी कौलांची छपरं आणि खाली दाटीवाटीनं राहणारी माणसं. उंदरासाठी याहून चांगली सोसायटी कोण बांधून देणार?

पण तेव्हा सरकारचं म्हणणं वेगळं होतं. रोग घाणीतून येतो, दमट जमिनीतून येतो, कोंदट हवेतून येतो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. मग उपायही तसेच. गटारं धुतली, घरांवर कार्बोलिक अ‍ॅसिड फवारलं, ऊन आत यावं म्हणून कौलं काढून छपरं उघडी केली. काही घरांच्या भिंतींवर इंग्रजीत ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरं रंगवली. अर्थ, माणसांना राहायला नालायक. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. हाच कायदा आपण २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा ऐकला.

पुण्यात काय झालं हे शाळेत शिकलोय आपण. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरात शिरले. देवघरात, माजघरात, बायकांच्या अंगाला हात लावून तपासण्या. सामान बाहेर काढून जाळलं. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा लागली. त्याच्या थोडं आधी, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही साथ पोचली. भगूरला १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर, म्हणजे विनायकरावांचे वडील, प्लेगनंच वारले. म्हणजे कुठल्याही विचारांचा, कुठल्याही जातीचा माणूस घ्या, त्याच्या घराच्या इतिहासात हा रोग कुठेतरी सापडतोच.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट लक्षात घ्या. घराची झडती होत होती, पण झडती माणसांची होती. कोण आजारी, कोण लपलंय, कोण घाणेरडं राहतंय. त्याच घरात वर कौलात जो भाडेकरू बसला होता, त्याच्याकडे मुख्य संशयित म्हणून कोणी बघतच नव्हतं.

एक माणूस मात्र बघत होता. पॉल-लुई सिमाँ, फ्रेंच डॉक्टर. जून १८९८, कराची. त्यानं प्लेग झालेला उंदीर बरणीत ठेवला, शेजारी जाळीआड निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण पिसू मात्र इकडून तिकडे उडी मारू शकते. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही. सिमाँनं सांगितलं, उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवीन अंग शोधतात आणि माणसाला चावतात. त्या वेळी भारतात नेमलेल्या प्लेग कमिशननं या म्हणण्याला फारशी किंमत दिली नाही. म्हणजे बग रिपोर्ट आला होता, साहेबांनी तो बंद करून टाकला.

मग आला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. साल १९०५ च्या पुढचं. जागा परळ, आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे. प्लेगच्या संशोधनासाठी नवीन कमिशन बसलं होतं. त्यात डॉ. ग्लेन लिस्टन होते. मुंबईत उंदीर मेल्यावर त्यांच्या पिसवा माणसांच्या अंगावर येतात हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. या लोकांनी आवारात सहा छोट्या खोल्या बांधल्या. भिंती सारख्या, आकार सारखा. फरक फक्त छपराचा. दोन खोल्यांवर देशी कौलं, दोनवर सपाट मंगळुरी कौलं आणि दोनवर पत्रे.

देशी कौलं कोणाला आठवतात? कुंभारानं हातानं केलेली, अर्धगोल, एकावर एक रचलेली. मध्ये भरपूर पोकळी. पावसाला उत्तम, उन्हाला उत्तम, आणि उंदराला तर फर्निश्ड फ्लॅट. मंगळुरी कौल एकमेकांत बसतं, तिथे जागा कमी. पत्र्यात घरटं करायला जागाच नाही. छपराखाली जाळी मारली होती, त्यामुळे उंदीर स्वतः खाली उतरू शकत नव्हता. पण पिसवा गळू शकत होत्या. खाली खोलीत गिनी पिग सोडले. काही प्लेगची लागण केलेले, काही निरोगी.

निकाल काय? जिथे पिसवा होत्या तिथे रोग पसरला आणि जितक्या पिसवा जास्त, तितका रोग जास्त. जिथे पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र राहिले, एकत्र खाल्लं, तरी रोग पसरला नाही. आणि आता नीट ऐका, त्या खोल्या मुद्दाम साफ केल्याच नव्हत्या. मलमूत्र तसंच पडलेलं. तरीसुद्धा नुसत्या घाणीतून प्लेग झाला नाही.

दुसऱ्या एका प्रयोगात प्लेग झालेल्या घरांमध्ये पिंजऱ्यातले प्राणी ठेवले. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला की पिसवा त्यावर अडकायच्या आणि आतला प्राणी वाचायचा. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेला पिंजराही सुरक्षित. म्हणजे आपण घरात ज्याला चिकटपट्टी म्हणतो, तिनं शंभर वर्षांपूर्वी मोठी शास्त्रीय साक्ष दिलीय.

टेस्टिंगवाल्या मित्रांना ही भाषा लगेच कळेल. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, मग दोष कुठे आहे ते दिसतं. दहा वर्षं ज्यांना ‘तुम्ही घाणेरडे’ म्हणून हिणवलं, ज्यांच्या भिंतींवर अक्षरं रंगवली, ज्यांची अंथरुणं जाळली, त्यांच्या नुसत्या घाणीचा हा रोग नव्हता. उंदराला राहायला कौलात पोकळी होती आणि खायला खाली धान्य होतं. दोष घराच्या बांधणीत होता. आणि गरिबाला दुसरं घर परवडत नव्हतं. मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते झाले, नव्या वसाहतींचे आराखडे झाले. पण जुन्या चाळी पाडल्यावर तिथल्या अनेकांना परवडेल असं घर लगेच मिळालं नाही. ते शेजारच्या गर्दीत जाऊन राहिले. उंदीरही बरोबर गेला असणारच.

‘मग सरळ उंदीर मारायचे ना!’ असं वाटतं. तो प्रयत्नही जगानं करून बघितलाय. फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोईत १९०२ मध्ये उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवलं. शेपट्यांचे ढीग यायला लागले आणि शहरात शेपटी नसलेले उंदीर फिरताना दिसायला लागले. शेपटी कापून उंदीर सोडून द्यायचा, म्हणजे पिल्लं होत राहतील आणि धंदा चालू राहील. काही लोक तर उंदीर पाळायला लागले. ऑफिसमध्ये चुकीचं टार्गेट दिलं की काय होतं, तेच. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक आजही टॉर्च आणि काठी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. कष्टाचं काम आहे, त्यांना सलाम. पण खाणं आणि बिळं शाबूत असतील तर रिकाम्या जागेत नवीन उंदीर येतोच.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर १९९४ ला या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीपोटी बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी राहती घरं सोडली. धान्य आतच राहिलं. बंद घर, भरलेलं धान्य, माणूस नाही. उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे उंदीर मरून पडायला लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. त्याच सप्टेंबरात सुरतेत हाहाकार उडाला. ‘उंदीर पडले’ ही आजोबांच्या काळातली खूण पुन्हा एकदा खरी ठरली होती.

आज प्लेगवर औषधं आहेत, घाबरायचं कारण नाही. पण पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, वायर कुरतडल्यानं शॉर्टसर्किट होतं आणि धान्याची नासाडी वेगळीच. आणि दोष माणसावर टाकायची सवय अजून तशीच आहे. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहायचो, तिथे उंदीर झाले तेव्हा ग्रुपवर पहिला मेसेज आला : बॅचलर मुलांचे फ्लॅट तपासा. शेवटी सापडलं काय? ड्रेनेजच्या पाइपाभोवतीचं बुजवायचं राहिलेलं भोक. मूठभर सिमेंटचं काम.

तेव्हा परळच्या त्या सहा खोल्या डोक्यात ठेवून आपलं घर बघा. पेनाच्या जाडीच्या फटीतून लहान उंदीर आत येतो, अंगठ्याएवढ्या भोकातून मोठा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तो कुरतडणारच. म्हणून भोकात कापूस, कागद, फोम कोंबून उपयोग नाही. भांडी घासायची तारेची चोथी कोंबा आणि वरून सिमेंट लिंपा. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी. छपराला टेकलेली फांदी छाटा. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा, आणि कोठी भिंतीपासून हातभर लांब, विटांवर. आमच्याकडे जुन्या बायका कणगी अशीच ठेवायच्या, म्हणजे मागून मांजर फिरू शकतं आणि बीळ पडलं तर लगेच दिसतं. आणि अचानक बरेच उंदीर मेलेले दिसले तर हातानं उचलू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

जाता जाता एक काम देतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा : आपल्या गावात पिलेगाच्या वेळी लोक कुठे राहायला गेले होते? अजूनही एखाद्या मळ्याचं, एखाद्या माळाचं नाव त्या झोपड्यांवरून पडलेलं असू शकतं. उत्तर मिळालं तर व्हॉइस नोट पाठवा, आपण पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोपर्यंत मोरीची जाळी बसवून घ्या. भेटू!