शंभर पिढ्यांचं गणित

रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारा गणितज्ञ म्हणून जी. एच. हार्डी आपल्याला माहीत असतो. त्याआधी, १९०८ साली, याच हार्डीने एका छोट्याशा पत्रात जीवशास्त्रातला मोठा घोळ मिटवला होता.

आखूड बोटांचा गुणधर्म प्रभावी असेल, तर काही पिढ्यांत बहुतेकांची बोटं आखूड का होत नाहीत? लंडनमधल्या एका व्याख्यानानंतर हा मुद्दा निघाला आणि जनुकशास्त्रज्ञ पनेटने तो आपल्या क्रिकेटमधल्या मित्राकडे, हार्डीकडे, नेला.

हार्डीचं उत्तर सरळ होतं. लोकसंख्या मोठी असेल, जोड्या त्या गुणधर्माकडे न बघता जुळत असतील आणि निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर यांचा हात नसेल, तर जनुकाचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. 'प्रभावी' म्हणजे पसरत जाणारं नव्हे. श्टुटगार्टच्या डॉ. वाइनबर्गनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच मांडलं, म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे.

आता आकडे घालून बघू. एखादा अप्रभावी आजार दहा हजारांत एकाला होतो. म्हणजे त्या जनुकाचं प्रमाण शंभरात एक. मग त्या दहा हजारांत वाहक किती? १९८. स्वतः ठणठणीत, पण जनुक पुढे देणारे. सगळ्या रुग्णांना मुलं होऊ दिली नाहीत, तरी हे प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली, तर २,५०० वर्षं. बुद्धाच्या काळापासून आजपर्यंत.

हे गणित तेव्हा फक्त पुस्तकी नव्हतं. 'सदोष' माणसांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा अमेरिकेतल्या इंडियानाने १९०७ मध्येच केला होता. 'मतिमंदत्व' अप्रभावी जनुकामुळे येतं, असं तेव्हा अनेक जण मानत. ते खरं धरलं तरी ते हटवायला हजारो वर्षं लागतील, हे पनेटने १९१७ मध्ये दाखवलं. कायदे थांबले नाहीत. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बकच्या नसबंदीला ८ विरुद्ध १ मतांनी मान्यता दिली. अमेरिकेत एकूण ६० हजारांहून अधिक लोकांवर अशी शस्त्रक्रिया झाली.

कॅरी, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघीही मतिमंद असल्याचं कोर्टाने मानलं होतं. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं.