केस, पाणी आणि तापलेले लोखंड

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेचे सुटे सामान घ्यायला मी अधूनमधून जाते. शिक्षकांच्या एका शिबिरासाठी नायक्रोमची तार हवी होती, म्हणून अशीच एकदा गेले होते. दुकानात माझ्या आधी एक बाई आणि त्यांची अकरावीतली मुलगी उभ्या होत्या. केस सरळ करायची इस्त्री त्यांनी दुरुस्तीला आणली होती. ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटून बसला होता, त्यामुळे इस्त्री तापतच राहिली. मुलीने नुकत्याच धुतलेल्या, अर्धवट ओल्या केसांवर ती फिरवली होती. कपाळावरचे केस बोटभर उरले होते, बाकीचे तुटून गेले होते.

"रोज तेल लावलं असतं तर असं झालं नसतं, सांगा तुम्हीच दादा," आई दुकानदाराला म्हणाली.

"ताई, तेल लावून ही फिरवली असती तर आणखीच जळलं असतं," दुकानदार म्हणाला.

मुलगी कुणाशीच बोलत नव्हती. निघताना मात्र तिने हळूच विचारले, "दादा, तुटलेले केस परत जोडले जातात का?" त्या प्रश्नाला दुकानदाराने उत्तर दिले नाही, आणि मीही दिले नाही. शाळेत आपल्याला असे प्रश्न रोज विचारले जातात आणि आपणही पुष्कळदा गप्प बसतो. या लेखात त्या तिघांच्या म्हणण्याचा विचार करू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण केस, पाणी आणि उष्णता यांच्या नात्याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे.

केस पाणी मोजतो

१७८३ साली ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने हवेतील आर्द्रता मोजण्याविषयी ग्रंथ लिहिला. त्याच्या उपकरणाचा मुख्य भाग होता माणसाचा केस. तेलकटपणा काढून टाकलेला केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत ही वाढ असते सुमारे दोन ते अडीच टक्के. एवढीशी वाढ काट्याला जोडून मोठी करून दाखवता येते. पुढे याच तत्त्वावरचे आर्द्रतालेखक जगभरच्या वेधशाळांत वापरले गेले. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांतही ते होते. म्हणजे पुण्याच्या हवेची नोंद कितीतरी वर्षे माणसाच्या केसाने ठेवली.

यातून एक गोष्ट कळते. केस हा काही नुसता दोरा नाही. तो पाणी शोषतो. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरून ठेवतो. त्याची लांबी फारशी वाढत नाही, पण जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. केसावर खवल्यांसारखे एकावर एक बसलेले पातळ थर असतात. आतला गाभा फुगला की या खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. ओला केस विंचरताना जास्त तुटतो, त्याचे हे एक कारण.

उष्णतेची पाळी

केस उष्णतेने वाळवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ऊद, ओवा टाकून तिच्या केसांना धुरी देत. निखारे कितीही तापलेले असले तरी केस त्यांच्यापासून लांब असत. वर येणारी गरम हवा वाटेत गार हवेत मिसळून निवत असे. अंतर हेच तिथे तापमानाचे नियंत्रण होते.

तापलेले लोखंड थेट केसांना लावण्याची पद्धत जगभर पसरली ती १८७२ च्या सुमारास पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशरचनाकारामुळे. गॅसच्या ज्योतीवर चिमटा तापवायचा आणि केस त्यात धरून वळवायचे. चिमटा किती तापला हे कळायचे कसे? तो आधी पांढऱ्या कागदावर टेकवायचा. कागद करपून तपकिरी झाला तर चिमटा फार तापला, थोडा थांबायचे. आपल्या पेठेतला इस्त्रीवाला हेच काम पाण्याच्या थेंबाने करतो. थेंब चुर्र करून उडून गेला तर एक स्थिती आणि इस्त्रीवर नाचू लागला तर दुसरी. थेंब नाचतो तेव्हा त्याच्याखाली वाफेची गादी तयार झालेली असते आणि इस्त्री उकळबिंदूच्या बरीच वर गेलेली असते. दोन्ही पद्धतींत मोजमाप नसले तरी निरीक्षण आहे.

१९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. तीच ही नायक्रोमची तार. लाल होईपर्यंत तापली तरी ती लवकर जळून जात नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो. टोस्टर, शेगडी, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, सगळ्यांच्या पोटात हीच तार आली. १९२० च्या सुमारास हातात धरायची ड्रायर यंत्रे बाजारात दिसू लागली. उष्णता आता बटण दाबताच मिळू लागली, पण कागद टेकवून पाहण्याची सवय मात्र गेली. तिची जागा थर्मोस्टॅटने घेतली. थर्मोस्टॅट बिघडला की काय होते ते आपण सुरुवातीला पाहिलेच.

केसाच्या आत

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला आहे, पण या प्रथिनाची रचना कशी आहे? इंग्लंडमधील लीड्स हे लोकरीच्या व्यापाराचे शहर. तिथल्या विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी हे भौतिकशास्त्रज्ञ लोकर आणि केसांची क्ष-किरण छायाचित्रे घेत होते. १९३१ पासून प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यांनी दाखवले की साध्या केसाचे छायाचित्र आणि ओलाव्यात, उष्णतेत ताणलेल्या केसाचे छायाचित्र वेगवेगळे येते. पहिल्या रचनेला त्यांनी अल्फा आणि दुसरीला बीटा असे नाव दिले. केसातील साखळ्या मुळात घडी घातलेल्या असतात आणि ताणल्यावर त्या उलगडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. घडीचा नेमका आकार मात्र त्यांना सापडला नाही. १९५१ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मळसूत्रासारखा असल्याचे दाखवले. प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासातला हा एक मोठा टप्पा. त्याची सुरुवात झाली ती लोकर आणि केस यांसारख्या घरगुती वस्तूंपासून.

या साखळ्यांना जागेवर धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. हायड्रोजन बंध दुबळे पण संख्येने खूप. ते पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. गंधकाच्या दोन अणूंमधले बंध बळकट. ते नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. ओला केस पेन्सिलीवर गुंडाळून वाळवला की कुरळा होतो, पुन्हा भिजवला की सरळ होतो. ही सगळी हायड्रोजन बंधांची करामत. इस्त्रीचे कामही मुळात एवढेच आहे.

अडचण येते ती तापमान वाढल्यावर. कोरड्या केसातील मळसूत्री रचना सुमारे २३५ अंश सेल्सिअसला मोडते. पाण्यात बुडवून बंद भांड्यात तापवलेल्या केसात तीच रचना सुमारे १५५ अंशांना मोडते. पाणी असले की मर्यादा ८० अंशांनी खाली येते! केसांच्या इस्त्र्या साधारण १५० ते २३० अंशांपर्यंत तापतात. त्या मुलीचे केस ओले होते आणि इस्त्रीला लगाम नव्हता. पुढचे आपोआप लक्षात येईल.

पाण्याचा आणखी एक धोका १९८६ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवला. एका रुग्णाच्या तुटणाऱ्या केसांत सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडे दिसले. १९९४ मध्ये कारण स्पष्ट झाले. ओला केस एकदम तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती केस पोखरते. ड्रायर बिघडून १७५ अंशांच्या वर तापला तेव्हा असे झाले. चिमट्याने तर १२५ अंशांनाही ओल्या केसांत बुडबुडे झाले. आपण फुलवतो त्या मक्याच्या लाहीसारखीच ही गोष्ट.

खोबरेल तेलाची परीक्षा

आता आईच्या म्हणण्याकडे वळू. खोबरेल तेल केसांना चांगले असते असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण चांगले म्हणजे नेमके काय? या प्रश्नाला प्रयोगाचे रूप दिले ते मुंबईत. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी १९९९ आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस धुताना आणि विंचरताना त्यांतले थोडे प्रथिन निघून जाते. ते किती जाते हे त्यांनी मोजले. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल अशी तिन्हींची तुलना केली. चांगल्या केसांत आणि आधीच खराब झालेल्या केसांतही ही गळती लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलाने.

असे का व्हावे? खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याची साखळी बारा कार्बन अणूंची, आखूड आणि सरळ. सूर्यफुलाच्या तेलातील साखळ्या लांब आणि दुहेरी बंधांमुळे वाकड्या, आणि खनिज तेलाला प्रथिनांची ओढच नाही. म्हणून खोबरेल आत शिरते आणि बाकीची दोन वर राहतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. खोबरेल खरोखर आत जाते आणि खनिज तेल जात नाही, हे २००१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथील वस्त्रसंशोधन संस्थेतील रूएच आणि कामत यांच्यासह केलेल्या कामात दिसून आले. आत शिरलेले तेल केसाला पाण्याने फार फुगू देत नाही.

इथे दोन गोष्टी विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. पहिली, ही कंपनी खोबरेल तेल विकते. म्हणून संशोधन खोटे ठरत नाही. पण प्रयोग कसा केला, तुलना कशाशी केली, दुसऱ्या कुणी पडताळा घेतला का, हे अधिक काळजीने पाहायला हवे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रयोग होता पाण्याचा आणि फणीचा. तापलेल्या इस्त्रीबद्दल तो काही सांगत नाही. "केसांना चांगले" या दोन शब्दांत आपण वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधतो आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावतो.

म्हणून आईचे म्हणणे अर्धे बरोबर होते. न्हाण्याआधी लावलेले खोबरेल धुताना होणारे नुकसान कमी करते. दुकानदाराचेही अर्धे बरोबर होते. इस्त्रीच्या वेळी केसांवर राहिलेले तेल स्वतःच तापते. न गाळलेले खोबरेल तर साधारण १७५ अंशांच्या आसपास धूर सोडू लागते. बाजारात उष्णतेपासून बचाव करणारे फवारे मिळतात. १९९८ साली मॅकमुलेन आणि याखोविच यांनी १३० ते १६४ अंशांच्या चिमट्यांवर प्रयोग करून दाखवले की काही बहुवारिकांचा लेप नुकसान काही अंशी कमी करतो. काही अंशी, पूर्णपणे नव्हे. तापमान कमी ठेवण्याला तो पर्याय नाही.

मग केस आपोआप वाळू देणेच उत्तम का? २०११ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी हे तपासले. त्यांनी केस तीस वेळा धुतले आणि वाळवले. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला तर तापमान ९५ अंश, १० वर ६१ आणि १५ वर ४७. जवळून वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग सर्वांत जास्त बिघडला. पण आपोआप वाळलेले केस दोन तासांहून जास्त ओले राहिले आणि त्यांच्या पेशींना सांधणाऱ्या थराला इजा झालेली आढळली. ड्रायर १५ सेंटिमीटरवर सतत हलता ठेवणे सर्वांत बरे ठरले. निखाऱ्यांपासून लांब केस धरणाऱ्या जुन्या बायकांना हे पटले असते.

वर्गात करण्यासाठी

ड्रायर आणि तापमापी घ्यावी. पंचवीस सेंटिमीटरपासून सुरुवात करून पाच-पाच सेंटिमीटरने जवळ येत तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. तापमापीची मर्यादा आधी पाहून ठेवावी आणि पारा तिच्याजवळ येताच थांबावे. पेन्सिलीवर ओला केस वाळवण्याचा प्रयोग तर फुकटचा आहे. एक लांब केस साबणाने धुऊन, खाली हलके वजन अडकवून टांगला तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याच्या लांबीतला फरकही पाहता येईल.

आता त्या मुलीचा प्रश्न. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. फूटभर वेणीचे टोक अडीच वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते आणि तेव्हापासून ते निर्जीव आहे. निर्जीव वस्तूला जखम भरून काढता येत नाही. तुटलेला केस जोडला जात नाही. तसे सांगणारी जाहिरात फार तर खवले बसवून देते. मूळ मात्र त्वचेखाली जिवंत आहे. तिथे इस्त्री पोचली नव्हती. सहा महिन्यांत तिच्या कपाळावर सहा सेंटिमीटर नवे केस आले असतील.

हे मी तिला त्याच दिवशी सांगायला हवे होते. मला ते ठाऊक होते, तरी नायक्रोमची तार घेऊन मी निघून आले. आपल्या वर्गातली एखादी मुलगी असे काही विचारील तेव्हा आपण तिला उत्तर देऊ या.