विहिरीच्या काठावरची चार युगे : मोटेपासून सौरपंपापर्यंत

१/ बुलढाणा जिल्ह्यात रब्बीच्या हरभऱ्याचा आणि गव्हाचा इतिहास विहिरीच्या काठावर वाचता येतो. पाणी उपसणारी शक्ती तेथे चार वेळा बदलली. प्रत्येक बदलाने शेतकऱ्याला एका बंधनातून सोडवले आणि दुसऱ्यात अडकवले.

२/ पहिली शक्ती बैलांची. चामड्याची मोट, नाडा आणि उतरती धाव. इंधन म्हणजे शेतातलाच कडबा, दुरुस्तीही गावातच. पण पाणी खोल गेले, वैरण संपली, की मोट थांबे.

३/ दुसरी शक्ती ऑइल इंजिनाची. १९७२ च्या दुष्काळाने खोल पाण्याची गरज अधोरेखित केली. पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्धानंतर जगात खनिज तेलाचे दर जवळपास चौपट झाले. विहीर गावातली, इंधनाचा भाव मात्र समुद्रापलीकडे ठरणारा.

४/ तिसरी शक्ती विजेची. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९७७ पासून कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी सुरू झाली. वीज स्वस्त झाली, उपसा वाढला. पुढे भारनियमन आले आणि ओलिताची पाळी रात्रीवर गेली : थंडी, काळोख, पायाखाली सापाची धास्ती.

५/ चौथी शक्ती सूर्याची. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे प्रारंभिक प्रयोग राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे झाले. २०१९ मध्ये केंद्राची ‘कुसुम’ योजना आली. सौरपंपासाठी राज्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के. रब्बीतले निरभ्र आकाश या शक्तीला अनुकूलच आहे.

६/ तथापि सूर्य पाणी निर्माण करीत नाही. येथील काळ्या पाषाणात भूजल मोजकेच साठते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारे. फुकटच्या उन्हावर दिवसभर चालणारा पंप उथळ विहीर लवकर कोरडी करू शकतो.

७/ गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना पंप आठवडाभर बंद पडला, तर हंगाम हातचा जातो. म्हणून ऊर्जापरिवर्तनाचा टिकाऊपणा किती पंप बसवले यावर मोजता येत नाही. बिघाड झाल्यास जवळचा कारागीर, अडचणीला दुसरा पर्याय आणि पावसाळ्यात विहिरीत मुरणारे पाणी, या तिन्हींची तरतूद त्यासाठी हवी. मोटेच्या युगात कारागीर तरी गावातच होता. सौरयुगाला तो पुन्हा गावात आणावा लागेल.