फुकटची जागा

परवा आईने विचारलं, "तुझ्या मुंजीचे फोटो कुठे आहेत रे?" काकाने ते कुठल्याशा साइटवर चढवले होते. ती साइट केव्हाच बंद पडलीय, आणि घरातली सीडी वाचली जात नाही. झालं!

म्हणून जरा इतिहास चाळला. फ्लिकर २००४ मध्ये व्हँकुव्हरच्या ल्युडिकॉर्पने काढलं. खरं तर ही मंडळी ऑनलाइन गेम बनवत होती! २००५ मध्ये याहूने ते घेतलं, २०१३ मध्ये १ टेराबाइट जागा फुकट दिली. २०१८ मध्ये मालकी स्मगमगकडे गेली आणि २०१९ पासून फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा आली. ब्राउझरमध्येच फोटो एडिट करून देणारं पिकनिक गूगलने २०१० मध्ये घेतलं, २०१२ मध्ये बंद केलं. गूगल फोटोजची २०१५ पासूनची अमर्याद फुकट साठवण २०२१ मध्ये संपली.

थोडक्यात काय, फुकटची जागा म्हणजे पाहुणचार. यजमान बदलला की गाशा गुंडाळायचा. त्यामुळे आता मी आधी एवढंच बघतो: सगळे फोटो मूळ आकारात, एकदम परत काढता येतात का? शिवाय एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर.

असो. मुंजीचा एक फोटो सापडला. मावशीच्या अल्बममध्ये, कागदावरचा.